पाखरू चरलं कुठं, ते आधी विचारा

वाचकांचे प्रश्न : माती आणि पाणी

प्रश्न : ताई, नमस्कार. आमचं गाव खटाव तालुक्यात, मायणीच्या तलावापासून फार लांब नाही. गावच्या पाझर तलावातला गाळ उन्हाळ्यात काढून शेतात टाकायचा विचार आहे. पण आमच्यातल्या एका शिकलेल्या पोरानं सांगितलं, की पाखरं जास्त बसतात तिथल्या गाळात त्यांच्या विष्ठेतून तांबं, जस्त, कॅडमियम असले धातू साठतात आणि ते पिकात येतात. आमच्या तलावावर थंडीभर हंस असतात, बगळे तर बाराही महिने. आता निम्मी माणसं नको म्हणतात. गाळ टाकावा की नको?
— शेतकरी, खटाव तालुका

उत्तर : तुमच्या पोरानं वाचलेलं खोटं नाही. पण ते ज्या तळ्यांबद्दल आहे ती तळी कुठली, हे कळल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही.

अंटार्क्टिकात आर्डली नावाचं बेट आहे. तिथं पेंग्विनांची मोठी वसाहत आहे. चिनी शास्त्रज्ञांनी तिथल्या एका तळ्याच्या तळाचा गाळ नळीनं उभा काढला आणि थराथरानं तपासला. गंधक, फॉस्फरस, कॅल्शियम, तांबे, जस्त, सेलेनियम, स्ट्रॉन्शियम, बेरियम आणि फ्लोरीन ही नऊ मूलद्रव्यं एकत्र वाढतात आणि एकत्रच घटतात, असं त्यांना दिसलं. पेंग्विन जास्त असताना ती वाढलेली, कमी असताना उतरलेली. त्यावरून त्यांनी ३००० वर्षांतली पेंग्विनांची चढउतार मांडली. हे २००० साली प्रसिद्ध झालं. पुढे २००५मध्ये कॅनडाच्या उत्तरेकडच्या डेव्हन बेटावर तसंच दिसलं. फुलमार नावाच्या समुद्रपक्ष्यांच्या कड्याखालच्या डबक्यांत पारा आणि डीडीटी आसपासच्या इतर डबक्यांपेक्षा कितीतरी पट जास्त निघालं.

या दोन्ही ठिकाणी पक्षी जेवतो समुद्रात आणि विष्ठा टाकतो जमिनीवर. म्हणजे बाहेरचा माल रोज आत येतो. वसाहत दाट असते, तळं लहान असतं, आणि ओढ्या-नाल्यांनी वाहून येणारी माती जवळजवळ नसतेच. त्यामुळे जे येतं ते विष्ठेचंच येतं आणि गाळात ठळक दिसतं.

आता आपल्याकडचं बघा. थंडीत येणारे पट्टकदंब हंस शेतात, गवतात चरतात आणि विसाव्याला पाण्यावर येतात. हे खरे बाहेरून माल आणणारे. गायबगळे नांगरामागं आणि गुरांमागं किडे टिपतात, रात्री तलावाकाठच्या झाडावर येतात, तेही थोडंफार आणतात. पण रोहित पक्षी त्याच तलावाच्या उथळ पाण्यातला चिखल चोचीनं गाळून खातो आणि तिथंच टाकतो. पाणकावळा त्याच तलावातला मासा खातो. यांच्यामुळे तलावात नवीन धातू येत नाही. आहे तोच इथला तिथं होतो. म्हणून पाखरं किती, हे मोजण्याआधी ती चरतात कुठं, हे मी विचारते.

एक हिशेब मांडते. आकडे मुद्दाम चढे धरते, म्हणजे पाखरांची बाजू घेतली असं कुणी म्हणायला नको. समजा हजार हंस, शंभर दिवस मुक्काम, प्रत्येकाची रोज १०० ग्रॅम सुकी विष्ठा, आणि ती सगळी तलावातच पडते. म्हणजे १० टन. तिच्या दर किलोत १०० मिलिग्रॅम जस्त धरलं, तर साऱ्या हंगामात जस्त येतं एक किलो. तुमचा तलाव दहा हेक्टरचा असेल, तर वरच्या दहा सेंटिमीटर गाळाचं सुकं वजन साधारण दहा हजार टन होतं. काळ्या खडकाच्या मातीत जस्त मुळातच किलोमागे १०० मिलिग्रॅमच्या आसपास असतं. म्हणजे त्या गाळात आधीचंच एक टन जस्त आहे. एका टनात हंसांनी एक किलो घातलं. पन्नास वर्षं असंच चाललं, वरून नवी माती आली नाही असंही धरलं, तरी पन्नास किलो.

आता दुसरा हिशेब, आणि हा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. ओढ्याच्या वरच्या अंगाला कुणाची अंड्याच्या कोंबड्यांची पोल्ट्री आहे का? कोंबडीच्या खाद्यात जस्त, तांबं, मँगनीज मुद्दाम घालतात, कारण वाढीला ते लागतं. घातलेल्यातलं बरंचसं शरीरात राहत नाही, विष्ठेतून बाहेर पडतं. दहा हजार कोंबड्यांच्या एका शेडमधून वर्षाला सुमारे शंभर टन सुकी विष्ठा निघते. तिच्यात किलोमागे ४०० मिलिग्रॅम जस्त असलं, तर वर्षाला चाळीस किलो. हजार हंस एका हंगामात आणतात त्याच्या चाळीसपट, तेही एकाच शेडमधून. ही विष्ठा खत म्हणून शेतोशेती गेली तर सोनं आहे. उघड्यावर ढीग करून ठेवली आणि वळवाच्या पावसात ओढ्याला गेली, तर तीच तुमच्या गाळात येऊन बसते. गुरांचंही असंच. गोठ्यातलं मिनरल मिक्श्चर शेणात उतरतं. पण शेण आपण जपतो, वाया जाऊ देत नाही. मेंढरं तर शेतातच बसवतो. म्हणून त्याची मला तेवढी काळजी वाटत नाही.

तेव्हा माझं उत्तर असं : गाळ टाका, पण आधी ओढ्यानं वर चालत जाऊन या. वर पोल्ट्रीचा ढीग, गॅरेज, भंगाराची जागा, कचरा डेपो यातलं काही नसेल, तर पाखरांच्या भीतीनं गाळ सोडू नका. २०१७पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेमुळे हे काम गावोगाव झालंय आणि हलक्या मुरमाड रानात त्याचा फायदा दिसतो. वर असं काही असेल तर गाळाचे तीन-चार ठिकाणचे नमुने तपासून घ्या. जस्त-तांब्यापेक्षा शिसे आणि कॅडमियम किती, ते आधी बघा. का ते पुढच्या उत्तरात आहे.

आणखी एक. तुमच्या भागातली माती चुनखडीची, सामू आठच्या आसपासचा. अशा मातीत जस्त घट्ट धरलं जातं, पिकाला सहज मिळत नाही. माती-तपासणीत पिकाला मिळण्याजोगं जस्त ०.६ पीपीएमच्या, म्हणजे किलोमागे ०.६ मिलिग्रॅमच्या, खाली आलं, की आम्ही प्रयोगशाळेत कमतरता लिहायचो आणि एकरी दहा किलो झिंक सल्फेट सुचवायचो. त्यात जवळजवळ दोन किलो जस्त असतं. म्हणजे हजार हंसांच्या दोन हंगामांचं जस्त तुम्ही दुकानातून विकत आणून एका एकरात टाकता, आणि पिकाला ते हवंही असतं.

मायणी, येरळवाडी हे तलाव २०२१मध्ये पक्षी संवर्धन राखीव जाहीर झालेत. तिथल्या गाळाला वनविभागाला विचारल्याशिवाय हात लावू नका. तुमचा तलाव त्यात नसला, तरी थंडीत यंत्रं घालू नका. पाखरं गेल्यावर, पाणी आटल्यावर काम करा. ते तुमच्याही सोयीचं आहे.

प्रश्न : मॅडम, मी कराडला एम. एस्सी. पर्यावरणशास्त्र शिकतो. प्रकल्पासाठी मी एका तलावाच्या गाळाचे नमुने घेतले. तांबे ११८ पीपीएम आले. परदेशी मार्गदर्शक तक्त्यात सुरक्षित मर्यादा ३१.६ दिली आहे. म्हणजे जवळजवळ चौपट. तलावावर बगळ्यांची वसाहत असल्यामुळे ‘पक्ष्यांच्या विष्ठेमुळे झालेले प्रदूषण’ असा निष्कर्ष काढावा का?
— विद्यार्थी, कराड

उत्तर : काढू नकोस, बाळा. निदान एवढ्यावर तरी काढू नकोस.

तू उभा आहेस तो सगळा मुलूख साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे. महाबळेश्वरच्या कड्यापासून मिरजेच्या काळ्या रानापर्यंत तोच काळा खडक, बेसॉल्ट. या खडकात तांबं मुळातच किलोमागे १०० ते २०० मिलिग्रॅमच्या घरात असतं. तू वापरलास तो तक्ता उत्तर अमेरिकेतल्या गाळांवरून केलेला. पृथ्वीच्या वरच्या कवचाची सरासरी तीसच्याही खाली येते. तिथं ३१.६ ही रेघ ठीक आहे. आपल्याकडं मात्र माणूस-पाखरू फिरकलं नाही असा निखळ डोंगरमाथ्याचा ओढासुद्धा ती रेघ ओलांडेल. तुझे ११८ हे आपल्या खडकाचंच तांबं असू शकतं.

उलट शिसं आणि कॅडमियम बघ. बेसॉल्टमध्ये शिसं फार थोडं, बहुधा एक आकडी. कॅडमियम तर एक पीपीएमच्याही बरंच खाली. आपल्या तलावात शिसं तीस-चाळीस आलं, तर ते खडकातून आलेलं नाही. मग बॅटरी, रंग, विसर्जनाच्या मूर्ती, मासेमारीच्या जाळ्याला लावलेली शिशाची वजनं यांच्याकडं बघायचं. कॅडमियम आलं तर फॉस्फेट खतांकडंही. काळ्या खडकाच्या मुलखात तांब्याचा मोठा आकडा फारसं सांगत नाही, शिशाचा छोटा आकडा पुष्कळ सांगतो. हे मला आमच्या पोरांच्या प्रकल्पांत लिहिलेलं दिसत नाही, आणि त्याची खंत वाटते. परदेशी तक्ता शेजारी ठेवून आपल्या भल्या-चांगल्या तलावाला प्रदूषित ठरवलं, की खरंच बिघडलेला तलाव त्याच ढिगात हरवतो.

मग करायचं काय? पहिलं म्हणजे पाणलोटातली माती घे. तलावात जो ओढा येतो त्याच्या वरच्या अंगाची, जिथं शेती नाही अशी. ती तुझी पायाभूत पातळी. दुसरं, नुसतं तांबं मोजू नकोस, सोबत ॲल्युमिनियम किंवा टायटॅनियम मोज आणि गुणोत्तर काढ. ही दोन्ही खडकातून येतात, विष्ठेत सहसा फार थोडी असतात. तांबं वाढलं आणि ॲल्युमिनियमही तेवढंच वाढलं, तर बारीक माती जास्त साठलीय एवढंच झालं. गुणोत्तर वाढलं तरच बाहेरून काही आलंय. तिसरं, फॉस्फरस मोज. पक्ष्यांची सही एकट्या धातूची नसते. फॉस्फरस, जस्त, तांबं, सेलेनियम आणि सेंद्रिय पदार्थ मिळून वाढतात. फॉस्फरस जागचा हलला नाही आणि तांबं एकटंच चढलं, तर पाखरावर आळ घेऊ नकोस.

नमुने वसाहतीच्या झाडाखालचे, तिथून पन्नास मीटरवरचे आणि तलावाच्या पलीकडच्या काठाचे असे घे. विष्ठेचा परिणाम असेल तर झाडापासून लांब जाताना आकडा उतरला पाहिजे. सगळीकडं सारखाच असेल तर कारण दुसरं. सगळे नमुने ६३ मायक्रॉनच्या चाळणीतून घेतलेस का? वाळू आणि चिकणमाती यांची तुलना केलीस तर उत्तर चुकणारच, कारण धातू बारीक कणांना धरून राहतात.

आणि गाळ कशात आणलास? जीआय बादलीत, जीआय पाइपनं काढला असशील तर जस्ताचे सगळे आकडे फेकून दे. त्या पत्र्यावर जस्ताचाच मुलामा असतो. पीव्हीसी नळी, प्लॅस्टिकची उलथणी, स्वच्छ पॉलिथिन पिशवी. चाळणीसुद्धा पितळेची नको, नायलॉनची घे. प्रयोगशाळेत आलेल्या नमुन्यांचे आकडे विचित्र लागले, की मी आधी भांडं कुठलं होतं ते विचारायचे.

विष्ठेचा परिणाम खरंच सापडला तर कुठली पाखरं, ते वेगळं लिही. कॅनडातल्या एका लहान बेटावरचं उदाहरण तुला उपयोगी पडेल. तिथं आर्क्टिक सुरय आणि आयडर बदक दोन्ही राहतात. मासे खाणाऱ्या सुरयांच्या बाजूच्या डबक्यांत पारा आणि कॅडमियम जास्त निघालं. तळाचे शिंपले खाणाऱ्या आयडरांच्या बाजूला शिसं, मँगनीज आणि ॲल्युमिनियम जास्त. बेट एकच, विष्ठा दोघांचीही, पण आहार वेगळा म्हणून गाळ वेगळा. २०१०मधलं काम आहे, शोधून वाच.

प्रश्न : आमच्या गावतळ्याच्या काठावर चिंचेची आणि बाभळीची जुनी झाडं आहेत. पावसाळ्यात त्यांवर बगळ्यांची शेकडो घरटी होतात. खाली पांढरा सडा, वास, आणि यंदा उन्हाळ्यात तळ्यातले मासे मेले. ग्रामसभेत झाडं तोडायचा विषय आला आहे. लोक म्हणतात विष्ठेतल्या धातूंनी पाणी विषारी झालं. मी पंचायत सदस्य आहे, मला झाडं तोडायची नाहीत, पण लोकांना काय सांगू?
— पंचायत सदस्य, तासगाव तालुका

उत्तर : ताई, तुम्ही विचारलंत याचा मला फार आनंद झाला. आधी कायद्याचं सांगते : घरटी-अंडी असताना झाड पाडणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो. पण लोकांना कायद्यानं पटत नाही, कारण सांगितलं तर पटतं.

मासे धातूंनी मेले असण्याची शक्यता फार कमी. उन्हाळ्यात पाणी उतरतं, तापतं. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो. विष्ठेतला फॉस्फरस आणि नत्र खाऊन शेवाळ माजतं. ते मरून तळाला कुजतं आणि उरलासुरला प्राणवायू संपवतं. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडत होते का, ते कोळ्यांना विचारा. तसं असेल तर ते गुदमरून मेले. यात बगळ्यांचा वाटा आहे, तो मी नाकारत नाही. पण तळ्यात धुतली जाणारी गुरं, कपड्यांचा साबण, गटाराचं पाणी आणि वरच्या शेतातलं खत यांचाही आहे.

आता गाळातल्या धातूंचं. तळाचा चिखल काळा आणि सडक्या अंड्याच्या वासाचा आहे ना? तो वास गंधकाचा. प्राणवायू नसलेल्या चिखलात गंधकाशी तांबं, जस्त, शिसं, कॅडमियम जोडली जातात आणि न विरघळणारी संयुगं होऊन तिथंच अडकतात. म्हणजे विष्ठेमुळे झालेला तो वाईट चिखलच हे धातू बांधून ठेवतो. लोखंड आणि मँगनीज मात्र उलटे वागतात. प्राणवायू संपला की ती सुटून पाण्यात येतात, आणि त्यांना चिकटून बसलेला फॉस्फरसही सोबत सुटतो. आर्सेनिक असेल तर तेही सुटतं. म्हणून अशा तळ्याचं पाणी हंड्यात ठेवलं की तांबूस होतं, कपड्याला डाग पडतात. गाळ काढून उन्हात वाळवला, की गंधकाची बांधणी तुटते आणि अडकलेले धातू मोकळे होऊ लागतात. तो गाळ तळ्याच्याच काठावर ढीग घालून ठेवू नका. पहिल्या पावसात सगळं परत आत येईल. लगेच शेतात पातळ पसरा.

आणि लोकांना तांब्याचीच काळजी असेल, तर बागांकडं बोट दाखवावं लागेल. तासगावच्या द्राक्षाला बोर्डो, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक, लागतो, मी ते नको म्हणत नाही, डाऊनी बुरशीनं गेलेली बाग मी पाहिली आहे. पण एक टक्का बोर्डोत शंभर लिटरला एक किलो मोरचूद पडतो. एकरी चारशे लिटर फवारलं तर चार किलो. मोरचुदात पाव भाग निखळ तांबं. एका एकराच्या एका फवारणीत एक किलो तांबं गेलं. युरोपात तांब्याच्या बुरशीनाशकांना हेक्टरी सात वर्षांत २८ किलोची मर्यादा घातलेली आहे. तुमच्या तळ्यावरचे सगळे बगळे जमले तरी एका बागेच्या हंगामाएवढं तांबं आणू शकत नाहीत. फवारणीचा ब्लोअर आणि टाकी तळ्यावर धुतात का, तेवढं बघा. धूत असतील तर ग्रामसभेचा ठराव त्यावर करा. शेतातलं तांबं मातीला धरून बसतं, हळूहळू येतं. टाकी धुतलेलं पाणी मात्र विरघळलेलं तांबं घेऊन थेट माशाच्या कल्ल्यांपर्यंत जातं, आणि तांबं माशाला फार थोडं पुरतं.

झाडांखाली साचलेला थर उन्हाळ्यात, पाऊस लागण्याआधी, खरवडून घ्या. खत म्हणून त्याला लगेच गिऱ्हाईक मिळेल. काम करणाऱ्यांनी तोंडाला फडकं बांधावं आणि थर आधी ओला करावा, कारण सुक्या विष्ठेच्या धुळीनं छातीचे आजार होतात. झाडं आणि पाणी यांच्यामध्ये वाळा किंवा दाट गवत लावा. काठाला पिण्याच्या पाण्याची विहीर असेल तर धातूंआधी जिवाणू आणि नायट्रेट तपासा, पावसाळ्यात दोनदा. खरा धोका तिथं आहे. नायट्रेट ४५ मिलिग्रॅमच्या वर गेलं तर तान्ह्या बाळांना ते पाणी देऊ नका. उकळून नायट्रेट जात नाही, उलट वाढतं.

प्रश्न : पक्षी जास्त असलेल्या तलावातले मासे खावेत का? घरात लहान मूल आहे.
— गृहिणी, सांगली

उत्तर : रोहू, कटला, मृगळ खुशाल खा. हे मासे शेवाळ, बारीक जीव, तळाचा कुजका पाला खातात. पारा साठतो तो माशाला खाणाऱ्या माशात, म्हणजे मरळ, वाम, शिवडा यांच्यात, आणि मासा जितका मोठा आणि वयस्क तितका जास्त. मुलाला मोठी मरळ रोज देऊ नका, एवढं पुरे. कॅडमियम, शिसं, तांबं यांचा साठा मांसापेक्षा काळीज, मूत्रपिंड आणि कल्ल्यांत जास्त असतो. ते तुम्ही साफ करताना काढताच. पारा मात्र मांसात बसतो, धुऊन किंवा शिजवून जात नाही. म्हणून मासा साफ कसा केला यापेक्षा तो कुठला आणि केवढा, हे विकणाऱ्या मावशींना विचारा. तळ्यात ओलं कोंबडखत टाकून वाढवलेले मासे असतील, तर शक्यतो घेऊ नका. त्या खतातून कोंबड्यांना दिलेली औषधं आणि रोगजंतूही पाण्यात येतात.